दोनदा गरम केलेला चहा

या वेळचं पत्र आपल्या नाशिकच्या सिडकोतून आलंय. नाव काढून, थोडं छोटं करून देतेय.

"काकू, नमस्कार. मी ४१ वर्षांची, एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मुलगा नववीत, मुलगी पाचवीत. सासूबाई आमच्याजवळच असतात, ६८ च्या आहेत, हिंडत्या-फिरत्या आहेत. तसं बघायला गेलं तर काहीच कमी नाही, घराचे हप्ते चालू आहेत पण भागतंय, भांडणं नाहीत, आजारपण नाही. तरी दिवस कसा उगवतो कसा मावळतो कळत नाही. पाचला उठते (चहा दोनदा गरम करते, शेवटी गारच पिते), डबे, पाणी, शाळा, ऑफिस, आल्यावर परत तेच. बहीण नोव्हेंबरात मनालीला जाऊन आली, तिचे फोटो बघून आत काहीतरी झालं, जळले असं नाही म्हणता येणार पण झालं काहीतरी. रील्सवर सगळे सांगतात छोट्या छोट्या गोष्टीत आनंद शोधा, म्हणून डायरी आणली, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या ठरवल्या. अकरा दिवस लिहिलं. चहा, मुलं, सकाळचं ऊन. दुसऱ्या दिवशी परत चहा, मुलं, ऊन. गृहपाठ वाटायला लागला म्हणून सोडलं. रविवारी सगळे मिसळ खायला जातो तर तिथेही माझं लक्ष कुणाला पाव हवाय, कुणाच्या शर्टावर रस्सा सांडला. परवा मुलीने शाळेच्या निबंधासाठी विचारलं, आई तुला सगळ्यात जास्त आनंद कधी झाला होता, तर मला आठवेचना. मी कृतघ्न आहे का हो? लोकांकडे काय काय नसतं, आणि मला असून..."

अगं, तुला अगं-तुगं करतेय, माझ्या सगळ्यात धाकट्या बहिणीहूनही लहान आहेस म्हणून. राग मानू नकोस.

कृतघ्न वगैरे डोक्यातून आधी काढून टाक. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझी नजर एकाच ठिकाणी अडकली, ते तू कंसात टाकलंयस ना, चहा दोनदा गरम करते आणि शेवटी गारच पिते, तिथे. सगळं पत्र एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला. आता गंमत बघ, डायरीत तू अकरा दिवस पहिला शब्द काय लिहिलास? चहा. जो चहा तू एकदाही नीट प्यायलेली नाहीस त्याबद्दल रोज रात्री आभार मानत बसलीस तर कंटाळा नाही येणार तर काय होणार बाई.

छोट्या गोष्टीत आनंद शोधा असं सांगणाऱ्यांवर माझा राग नाहीये, ते खोटं बोलत नाहीत. पण त्या रीलमधली बाई खिडकीत दोन्ही हातांनी कप धरून बसलेली असते, आणि त्या वेळी पोळ्या कोण करतंय, पाण्याची मोटर कोण बंद करतंय, हे त्यात कुठे दिसत नाही. तुझ्या घरात जे छोटे छोटे आनंद आहेत ते तयार कोण करतं? तूच करतेस. मुलाला गरम पोळी आवडते, ती तू करतेस. मिस्टर फर्स्ट शिफ्टला निघताना त्यांना कपभर चहा हातात मिळतो, तो तू देतेस. त्यांच्या वाट्याला तो क्षण येतो आणि तुझ्या वाट्याला तो तयार करण्याचं काम येतं, आणि मग रात्री तुझ्याकडून अपेक्षा की तूच डायरीत लिहावंस, आज काय छान वाटलं.

हार्वर्डच्या दोन संशोधकांचा एक अभ्यास आहे, २०१० मध्ये आला होता. त्यांनी २२५० लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवरच विचारलं की आत्ता काय करताय, मन तिथेच आहे की दुसरीकडे, आणि कसं वाटतंय. तर ४६.९ टक्के वेळा, म्हणजे जवळजवळ अर्धा वेळ, मन दुसरीकडेच होतं. आणि मन दुसरीकडे असताना लोक कमी खूश होते, मग हातातलं काम कुठलंही असो. हे वाचून कुणीही म्हणेल की मन जागेवर आणा. मला ते अर्धवट वाटतं, निदान आपल्या घरातल्या बायकांच्या बाबतीत. तू चहाचा कप हातात घेतेस तेव्हा तुझं मन काही हवा खायला गेलेलं नसतं, ते डब्यात असतं, मुलीच्या सापडत नसलेल्या सॉक्समध्ये असतं, गॅस संपत आलाय त्यात असतं. ते कामावर गेलेलं असतं. त्याला आधी कुणीतरी कामावरून सोडायला पाहिजे, मगच ते कपापाशी येऊन बसेल.

म्हणून माझा सल्ला एकच आहे आणि तो फार साधा वाटेल पण करायला अवघड आहे. रोज पंधरा मिनिटं, गरम चहा, बसून. उभ्याने ओट्याशी नाही, बसून. आणि त्या पंधरा मिनिटांत घर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात.

हे नुसतं मनात ठरवून होणार नाही, घरात सांगावं लागेल, आणि सांगताना आडून आडून सांगू नकोस. रात्री सगळे जेवायला बसतात तेव्हा सरळ म्हण, उद्यापासून सव्वासहा ते साडेसहा मी गॅलरीत चहा पिणार आहे, तेवढ्या वेळात मला हाक मारायची नाही. मुलगा नववीत आहे म्हणजे १४-१५ वर्षांचा घोडा झालाय, पाण्याच्या बाटल्या चौघांच्या तोच भरेल. मुलीने आपलं दप्तर आणि सॉक्स रात्रीच काढून ठेवायचे. मिस्टर ज्या आठवड्यात सेकंड शिफ्टला असतील त्या आठवड्यात दुधाकडे ते बघतील, बाकीच्या वेळी सासूबाई. हिंडत्या-फिरत्या आहेत असं तूच लिहिलंयस, आणि खरं सांगू का, ६८ व्या वर्षी घरात आपल्यावाचून काहीच अडत नाही हे जास्त टोचतं माणसाला, दूध बघायला सांगितलं तर त्यांना राग येणार नाही.

पहिला आठवडा हाका येतीलच. आई माझा बेल्ट, आई डबा, अगं ते मीठ कुठाय. उठू नकोस. खरंच उठू नकोस गं, एखाद दिवस दूध उतू जाईल, जाऊ दे, ओटा पुसता येतो. तू एकदा उठलीस की ती पंधरा मिनिटं परत सगळ्यांच्या मालकीची झाली. मी हे माझ्या घरी करून बघितलंय आणि चौथ्या दिवशी मी उठले होते, मग परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

आता त्या पंधरा मिनिटांत करायचं काय? काही नाही. फोन आत ठेव, स्टेटस नाही, फोटो नाही. चहा कर तेव्हाच बघायला सुरुवात कर. आपण आयुष्यात किती हजार वेळा चहा केला असेल पण बघतो कुठे. आलं ठेचून उकळत्या पाण्यात टाकलं की पहिला वास तिखट येतो, साखर पडली की तो जरा मऊ होतो. दूध ओतलं की सगळा रंग एकदम पडतो, आजारी माणसासारखा फिक्का होतो चहा, आणि मग कडेकडेने बारीक बुडबुडे धरतात आणि मधोमध तो हळूहळू परत रंगावर येतो, आणि एका क्षणी सगळाच्या सगळा वर चढतो, तेव्हा गॅस बारीक केला की कसा नाइलाजाने खाली बसतो. गाळला की कपात वर फेस राहतो एक चुटकीभर. पहिला घोट चटका देतो. आपल्याकडे अजून सकाळची थंडी आहे, फेब्रुवारीत सहा वाजता गॅलरीत शाल लागते, तर कप नुसता धरून बसलं तरी तळवे सुखावतात. गार चहात यातलं काहीच नसतं, नुसतं साखरेचं पाणी असतं ते, घशाखाली ढकलायचं.

आणि कान उघडे ठेव. या दिवसांत सिडकोत पण, कुठल्यातरी डिश अँटेनावर किंवा वायरवर एक काळा-पांढरा पक्षी बसून गात असेल, चिमणीपेक्षा मोठा, शेपूट मधूनच ताठ वर करणारा. त्याला दयाळ म्हणतात. मी एकाच बिल्डिंगमध्ये अकरा वर्षं राहिले आणि मला तो कधी ऐकूच आला नव्हता, म्हणजे आवाज येत असणारच पण गाड्या, कुकर, टीव्ही त्यातलाच एक आवाज. आई गेली त्या वर्षी मला कशातच गोडी वाटत नव्हती, जेवण म्हणजे पोट भरणं आणि झोप म्हणजे पडणं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात थांबवून सांगितलं, तो ऐकताय का, दयाळ आहे, नर आहे, उन्हाळा लागायला आला की गातो. बस, नाव कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो ऐकू यायला लागला. माझं दुःख त्याने काही कमी झालं नाही, पण सकाळी उठायला एक कारण झालं, आज कुठल्या वायरवर बसलाय ते बघायचं.

डायरीचं म्हणशील तर ती वाईट नाही, तू त्यात नुसते मथळे लिहिलेस. चहा, मुलं, ऊन. बातमी लिहिलीच नाहीस. माझी आई पंचवटीत राहायची, दर बुधवारी गंगेवर बाजाराला जायची. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि घाटावर बुधवारचा बाजार भरतो. दोन पिशव्या भरून आणायची आणि घरी आली की सगळी भाजी वर्तमानपत्रावर ओतायची, आणि निवडता निवडता एकेका जुडीची गोष्ट सांगायची. ही मेथी दिंडोरीकडच्या बाईकडून घेतली, तिची सून बाळंतीण आहे म्हणून ती पहाटे एकटीच आली. ही वांगी घेतली नसती पण त्याने शेवटची एवढीच राहिली म्हणत अर्ध्यात दिली, बघ कशी तकतकीत आहेत. लिंबू आज महाग, घेतलंच नाही. आम्ही भावंडं हसायचो, आईला दुसरा विषयच नाही म्हणायचो. आता कळतं की भाजी आणणं हे तिचं काम होतं आणि ते सांगणं ही तिची मजा होती, बाजार तिथे एकदा व्हायचा आणि घरी आल्यावर परत एकदा व्हायचा. सांगायचं असलं की माणूस तिथे बघतो पण नीट, लक्षात ठेवतो, वांग्याचा तकतकीतपणा सुद्धा घरापर्यंत जपून आणतो.

तर तू रोज तीन गोष्टी लिहू नकोस. आठवड्यातून एकदा, एकच गोष्ट, पण सविस्तर. काउंटरवर दिवसभरात किती माणसं येतात तुझ्याकडे! कुणी मुलीच्या लग्नाची एफडी मोडायला येतं, कुणी रोजचे पन्नास रुपये भरायला येतं, कुणी नोटा चार-चारदा मोजून घेतं. नावं नको सांगूस, ते बरोबर नाही, पण एखाद्या आजींनी रुमालाच्या कितव्या घडीत पैसे बांधून आणले होते हे सांगायला काय हरकत आहे. आणि लिहायचा कंटाळा आला तर तोंडाने सांग, घरात सासूबाई आहेत ना.

त्यांच्याकडूनही ऐक. नाशिकच्याच असतील तर १९६९ चा पूर त्यांनी लहानपणी बघितला असेल, बारा-तेरा वर्षांच्या असतील तेव्हा. विचारून तर बघ. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं होतं हे आपल्याकडची म्हातारी माणसं काल घडल्यासारखी सांगतात. आपलं गावच तसं आहे, पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अर्धं नाशिक घाटाकडे पूर बघायला निघतं, मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत गेलं, आणि ओळख ना पाळख तरी माणसं एकमेकांना सांगत असतात. काठावरच्या टपऱ्यांचं, घरांचं नुकसान होतं त्याची काळजी असतेच, पोलीस मागे व्हा म्हणून ओरडत असतात ते ऐकायचं, पण लांब पुलावरून ते गढूळ पाणी बघत भिजत उभं राहायला कुणाला बोलवावं लागत नाही. तू शेवटची कधी गेली होतीस? पुढच्या पावसाळ्यात मुलांना घेऊन जा, लांबूनच बघा, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेलं हे पाणी इथून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाणार आहे हे त्यांना तिथे उभं राहून सांग, पुस्तकातल्यापेक्षा वेगळं लागतं.

आता मनालीचं. झालं काहीतरी आत म्हणालीस, होणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जमेल तेव्हा तूही जा, मी अजिबात असं म्हणणार नाही की घरातच सगळं सुख आहे, माणसाला डोंगर, बर्फ, वेगळी हवा बघावीशी वाटते आणि वाटावीच. फक्त मनाली आली की गार चहाचं दुःख जाईल असं समजू नकोस. १९७८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या २२ जणांचा. छोटाच होता पण मला फार बोलका वाटतो. त्यांना रोजच्या गोष्टींबद्दल विचारलं, मित्राशी गप्पा, नाश्ता, टीव्ही, कुणी केलेलं कौतुक, यात किती मजा येते? तर त्याच भागातल्या लॉटरी न लागलेल्या लोकांपेक्षा या २२ जणांना त्यात कमी मजा येत होती. एवढं मोठं काहीतरी झालं की साधा नाश्ता त्याच्यापुढे फिका पडतो. बहिणीला एकदा फोन करून विचार, मनालीहून आल्यावर तिसऱ्या दिवशी भांडी घासताना कसं वाटलं. फोटोत ते नसतं. आणि फोन केलास की गप्पा पण होतील, तुम्ही दोघी शेवटच्या कधी निवांत बोललात ते पत्रात कुठे दिसलं नाही मला.

रविवारच्या मिसळीचं अगदी सोपं आहे. जागा बदल. तू टेबलाच्या मधे बसत असणार, सगळ्यांना वाढायला बरं पडतं म्हणून. या रविवारी कोपऱ्यात भिंतीकडे बस आणि पाव मागायचं काम मुलाला दे. पापड चुरून, आपल्या प्रमाणात रस्सा घालून, तुझी मिसळ तू गरम असताना खा. शर्टावर सांडलं तर ज्याचा शर्ट तो बघेल. आणि घरी येताना कुठेतरी द्राक्षाचा टेम्पो उभा असेलच, आता सिझनच आहे, घडातून सुटलेले मणी वेगळे ठेवलेले असतात ते स्वस्तात मिळतात आणि बऱ्याचदा तेच जास्त गोड लागतात. अर्धा किलो घ्या, घरी येऊन धुवा आणि फ्रीजमध्ये न ठेवता तेव्हाच सगळ्यांनी मिळून संपवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. हे सगळं करून बघितलंस, पंधरा मिनिटं खरोखर मिळाली, चहा गरम प्यायलास, आणि तरीही कशाचीच चव लागत नाही, आधी आवडायचं तेही नकोसं वाटतं, झोप उडालीय किंवा सारखं झोपूनच राहावंसं वाटतं, उगाच रडू येतं, आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर मग हा विषय चहाचा राहत नाही. मग डॉक्टरकडे जायचं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, चाळिशीतल्या कितीतरी बायकांचा थकवा तिथून येतो आणि आपण त्याला स्वभाव समजत बसतो. मनाच्या डॉक्टरांकडे जायलाही लाजायचं नाही, औषधाने आणि बोलण्याने हे बरं होतं. आधी कुणाशी नुसतं बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि कधी जगणंच नको असं मनात आलं तर पंधरा मिनिटं पण थांबू नकोस, लगेच फोन लाव आणि घरात जो कोणी जागा असेल त्याला उठव. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, मला जास्त करून दमलेली बाई दिसली, पण मी पत्र वाचलंय, तुला बघितलेलं नाही.

पाचला उठतेस त्याच्याही आधी उठून हे बसवायला जाऊ नकोस बरं का. पावणेपाचचा गजर लावशील, मला माहितीये, आपण बायका असंच करतो, आपला वेळ काढायचा तर तो झोपेतूनच काढतो. हा वेळ घराच्या वेळातून निघाला पाहिजे.

आणि मुलीला अजून उत्तर द्यायचंय तुला. सगळ्यात जास्त आनंद कधी, हे शोधत बसू नकोस, मला पण नाही सांगता येणार पटकन. तिला म्हण, सगळ्यात जास्तचं माहीत नाही पण या आठवड्यातलं सांगते. आणि एखाद्या रविवारी तिला लवकर उठवून, कपात जरासं आल्याचं दूध देऊन शेजारी बसव. दयाळ आधी तिलाच दिसेल बघ, मुलांची नजर बारीक असते.

पंधरा दिवसांनी मला लिही, हाका किती आल्या आणि तू कितीदा उठलीस ते.

तुझी,
काकू